टकलाचे जनुक सापडले, म्हणून काय झाले?

दर दोन-चार वर्षांनी एक बातमी छापून येते: टकलाचे जनुक सापडले. बातमी खोटी नसते. कुठल्याशा विद्यापीठाने हजारो पुरुषांची गुणसूत्रे तपासलेली असतात आणि टक्कल असणाऱ्यांत व नसणाऱ्यांत फरक दाखवणारी एखादी जागा खरोखरच हाती लागलेली असते. पण वाचणारा त्यातून असा अर्थ काढतो, की कुठेतरी एक नादुरुस्त जनुक आहे आणि ते दुरुस्त झाले की डोक्यावर पुन्हा रान माजेल. हा अर्थ चुकीचा आहे, आणि केसांच्या बाजारातली निम्मी दुकाने याच चुकीवर चालतात. ‘मुळावरच उपाय’, ‘तुमच्या डीएनएनुसार उपचार’ या पाट्या त्याशिवाय लागल्या नसत्या. बहुतेकांच्या टकलामागे बिघडलेले जनुक नसतेच. धडधाकट जनुकांपैकी कोणते, कुठे, केव्हा आणि किती काम करणार याचे जे नियमन शरीरात चालते, त्यातून टक्कल पडते. कोणता उपचार लागू पडतो, तो थांबवला की पहिले पाढे पंचावन्न का होतात, दुष्परिणाम कुठून येतात आणि पैसे कशावर घालवू नयेत, हे सगळे या एका फरकावरून कळते. म्हणून तो सामान्य माणसानेही समजून घ्यायला हवा.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,०००. यकृतात तीच, मेंदूत तीच, डोक्याच्या त्वचेतही तीच. तरी यकृताला केस फुटत नाहीत, कारण प्रत्येक पेशीत त्यांतली मोजकीच जनुके कामाला लागलेली असतात. धरणातले पाणी तेच असले तरी कोणत्या चारीला, कोणत्या आवर्तनात, किती तास पाणी सुटणार यावर शेताचे भवितव्य ठरते, तसाच हा प्रकार. डीएनएचा दोन टक्क्यांहून कमी भाग प्रथिनांची प्रत्यक्ष कृती सांगतो. ही कृती कधी वाचायची आणि कधी मिटून ठेवायची हे सांगणाऱ्या असंख्य जागा उरलेल्या भागात विखुरलेल्या आहेत. टकलाची गोष्ट मुख्यतः तिथे घडते.

याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायला नको, दाढी आणि टक्कल एकत्र मिरवणारा कोणताही गृहस्थ पुरेसा आहे. वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाहू लागते. त्वचेतले ५-अल्फा रिडक्टेज हे विकर त्यापासून अधिक प्रभावी असे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, बनवते. डीएचटी पेशीतल्या अँड्रोजेन रिसेप्टर या प्रथिनाला चिकटते, ही जोडी पेशीकेंद्रात शिरते आणि डीएनएवरच्या ठरावीक जागांवर बसून काही जनुके चालू करते, काही बंद करते. इथपर्यंत हनुवटीवर आणि माथ्यावर काहीच वेगळे घडत नाही. फरक पडतो तो पुढे. केसाच्या मुळाशी, त्वचेत काही मिलिमीटर खोल, पेशींचा एक इवलासा गोळा असतो. त्याला डर्मल पॅपिला म्हणतात. केस किती जाड होणार, किती काळ वाढणार हे हा गोळा शेजारच्या पेशींना रासायनिक निरोप धाडून ठरवतो. डीएचटीचा हुकूम आला की हनुवटीतला गोळा आयजीएफ-१ सारखी वाढीला चालना देणारी प्रथिने सोडतो. टक्कल पडणाऱ्या माथ्यावरचा गोळा मात्र त्याच हुकमावर टीजीएफ-बीटा आणि डीकेके-१ ही वाढ रोखणारी प्रथिने सोडतो. संप्रेरक एकच, रिसेप्टर एकच, जनुकांचा संचही एकच. तरी एका जागी काळीभोर दाढी आणि वीतभर अंतरावर चकचकीत माथा.

माथ्यावर प्रत्यक्षात काय होते ते जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण ‘केस गळून टक्कल पडते’ हे अर्धेच खरे आहे. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग तीनेक महिने विसावतो, गळतो आणि त्याच मुळातून दुसरा उगवतो. रोज पन्नास ते शंभर केस जाणे हा या चक्राचाच भाग आहे. टक्कल पडू लागले की वाढीचा काळ फेरीगणिक आखडत जातो, वर्षांवरून महिन्यांवर येतो. पॅपिला लहान होते, नवा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड आणि फिकट उगवतो, आणि काही फेऱ्यांनंतर केसाच्या जागी नुसती लव उरते. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस मोजत बसणाऱ्याला म्हणून खरा अंदाज येत नाही. भांग रुंदावतो आहे का, समोरचे केस बोटांना बारीक लागतात का, हे पाहावे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज कॉट्सारेलिस यांच्या गटाने २०११ साली एकाच माणसाच्या डोक्यावरच्या टकलाच्या आणि केसांच्या भागातली त्वचा तपासली. टकलाच्या भागातही केसांच्या मूळपेशी तेवढ्याच भरल्या. कमी होत्या त्या मूळपेशींपासून पुढे तयार होणाऱ्या, केस घडवायला निघालेल्या पेशी. जनुके शाबूत, मूळपेशी शाबूत. थांबले आहे ते काम.

काम कोण थांबवते याचा माग बराच जुना आहे. अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली वृषणे काढलेल्या किंवा वाढच न झालेल्या पुरुषांवरची निरीक्षणे प्रसिद्ध केली. वयात येण्याआधीच वृषणे गेलेल्यांना टक्कल पडत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस मागे हटू लागले, इतरांचे हटले नाहीत. संप्रेरक बंद केले तेव्हा टक्कल वाढायचे थांबले, पण गेलेले केस परत आले नाहीत. आनुवंशिकता आणि संप्रेरक, दोन्ही लागतात. एकट्याने भागत नाही, हे इतक्या लवकर दिसले होते. पुढचा दुवा १९७४ मध्ये आला. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांचा अभ्यास मांडला. तिथल्या काही पुरुषांत ५-अल्फा रिडक्टेज जन्मतःच निकामी होते. त्यांचे टेस्टोस्टेरॉन नेहमीइतके, डीएचटी फार कमी. प्रोस्टेट लहानच राहिलेली, दाढी विरळ, आणि माथ्यावरचे केस जागच्या जागी. याच धाग्यावरून फिनास्टराइड आले. अमेरिकेत ते १९९२ साली प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १९९७ साली, एक मिलिग्रॅमच्या गोळीत, केसांसाठी मंजूर झाले. गंमत अशी, की या कुटुंबांत एक जनुक खरोखर बिघडलेले होते आणि त्या बिघाडामुळे त्यांना टक्कल पडत नव्हते. टक्कल पडणाऱ्यांचे ते जनुक व्यवस्थित चाललेले असते.

मग आनुवंशिकतेचे काय? जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतला टकलाचा फरक सुमारे ८० टक्के आनुवंशिक आहे. आपल्याकडे ‘मामाकडे बघ, तुझे कळेल’ असे म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे: अँड्रोजेन रिसेप्टरचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते. पण ब्रिटनमधल्या ५२,००० पुरुषांची माहिती तपासणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात टकलाशी निगडित २८७ जागा सापडल्या आणि त्यांतल्या ४० तेवढ्या एक्स गुणसूत्रावर होत्या. म्हणजे मामा निर्दोष सुटत नाही, पण वडिलांनाही अंग काढून घेता येत नाही. त्याहून महत्त्वाचे हे, की अशा अभ्यासांत सापडणाऱ्या बहुतेक जागा प्रथिनाच्या कृतीत नसतात, नियमनाच्या भागात असतात. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर: एखाद्या जनुकाचे काम टाळूच्या पेशीत थोडे वाढवणारी एक, थोडे कमी करणारी दुसरी. ‘टकलाचे जनुक’ असे एकवचनात म्हणण्याजोगे काही यात नाही.

त्यामुळे केसगळतीसाठी लाळेचा नमुना घेऊन जनुकीय चाचणी करणाऱ्यांच्या दाव्यांकडे संशयाने पाहावे लागते. पस्तिशीतल्या माणसाला टक्कल पडण्याचा संभव किती, हे त्याचा आरसा आणि घरातले जुने फोटो फुकटात सांगतात. उपचार चाचणीवरून ठरतो म्हणावे, तर पुरुषांच्या टकलासाठी नीट तपासून सिद्ध झालेली औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि अहवाल काहीही आला तरी तीच दिली जातात. चाचणीवाल्यांचा एक युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा आहे. मिनॉक्सिडिल हे औषध डोक्यावर लावल्यावर केसाच्या मुळातले सल्फोट्रान्सफरेज हे विकर त्याचे क्रियाशील रूप बनवते आणि हे विकर काहींत जास्त असते, काहींत कमी. मग आधीच तपासून घेतले तर काय बिघडले? बिघडत काहीच नाही. पण मुळातले विकर किती काम करते हे उपटलेल्या केसात मोजावे लागते, लाळेतल्या डीएनएतून ते थेट कळत नाही. आणि सहा महिने नेमाने मिनॉक्सिडिल लावून पाहणे हीच सर्वांत स्वस्त व भरवशाची चाचणी आहे.

आता उपचारांकडे या नजरेने पाहू. फिनास्टराइड डीएचटीचे उत्पादन दाबते. रक्तातले डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी आणि डोक्याच्या त्वचेतले ६० टक्क्यांहून अधिक उतरते. रिसेप्टरकडे हुकूमच कमी पोचतात, मग त्याच्या हाताखालची जनुके निवांत होतात. मूळ चाचण्यांत दोन वर्षांनंतर गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांची केसांची संख्या टिकून होती, नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. आकडा चांगला आहे, पण काय म्हटले आहे ते नीट वाचावे: टिकून होती. आणि गोळी सोडली की वर्षभरात मिळवलेले गमावले जाते. हे औषधाचे अपयश म्हणता येत नाही. हुकूम देणारी यंत्रणा, तो ऐकणारा रिसेप्टर आणि त्या हुकमाचा माथ्यावरचा अर्थ, यांतले काहीच औषधाने बदललेले नसते. फक्त आवाज दाबून धरलेला असतो, आणि हात काढला की तो पुन्हा ऐकू येतो. मिनॉक्सिडिल या साखळीच्या बाहेरचे आहे. ते मुळात रक्तदाबाचे औषध. १९७९ साली अमेरिकेत गोळी आली, रुग्णांच्या अंगावर नको तिथे केस वाढलेले दिसले आणि १९८८ साली ते डोक्यावर लावण्याचे औषध झाले. वाढीचा काळ ते लांबवते, डीएचटीला हात लावत नाही. तेही सोडले की फायदा ओसरतो. ‘तीन महिन्यांचा कोर्स करा आणि विसरून जा’ असे कोणी म्हणत असेल तर त्याने या शरीरशास्त्राला बगल दिली आहे.

एकच उपचार असा आहे जो एकदा केला की टिकतो, आणि त्याचे टिकणे नियमनाच्या बाजूनेच साक्ष देते. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ साली दाखवून दिले, की डोक्याच्या मागच्या भागातला केस मुळासकट उचलून टकलावर लावला तर तो तिथेही मागच्यासारखाच वाढत राहतो. जागा बदलली, रक्तपुरवठा बदलला, आजूबाजूची त्वचा बदलली. स्वभाव बदलला नाही. मागच्या केसाच्या मुळात डीएचटीकडे काणाडोळा करण्याची सवय पेशींच्या आत, जनुकांवर, नोंदवलेली असली पाहिजे. मागच्या केसांच्या मुळांत अँड्रोजेन रिसेप्टरच्या जनुकावर त्याला गप्प करणाऱ्या मिथाइल खुणा जास्त आढळल्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्धही झाला. केसारोपण म्हणजे अशा पेशींची जागा बदलणे. माथ्यावर अजून उरलेल्या मूळच्या केसांची सवय त्याने बदलत नाही. ते आपल्या गतीने पातळ होतच राहतात, आणि म्हणूनच पंचविशीत घाईने आरोपण करून घेणाऱ्याच्या डोक्यावर चाळिशीत लावलेल्या केसांचे बेट उरण्याची भीती असते. शस्त्रक्रिया कोणी करावी याचे निकष राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढले, तेव्हा ‘यूट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे प्रशिक्षण मानता येणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य त्यांत लिहावे लागले. बाजाराची अवस्था कळायला तेवढे वाक्य पुरे.

दुष्परिणामांचा उगमही इथेच आहे. अँड्रोजेन रिसेप्टर आणि डीएचटी केवळ केसांसाठी घडलेले नाहीत. प्रोस्टेटपासून गर्भातल्या मुलाच्या जननेंद्रियांच्या घडणीपर्यंत त्यांची कामे आहेत. माथ्यावर नको असलेला हुकूम दाबताना तो इतरत्रही दाबला जातो. फिनास्टराइडच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्के पुरुषांत आढळल्या, पोकळ गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के. फरक मोठा नाही, पण आहे. युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने मे २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले, मात्र ते किती जणांत होते हे सांगण्याइतकी माहिती नसल्याचेही नोंदवले. गर्भवतींनी तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये असे त्याच्या माहितीपत्रकातच असते. यावरून औषध वाईट ठरत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, मित्राच्या सल्ल्यावरून ते सुरू करणे वाईट ठरते.

नियमनात ढवळाढवळ करताना केवढी जोखीम असू शकते याचे उदाहरण उंदरांनी १९९८ मध्येच दिले आहे. एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या त्वचेत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन सतत क्रियाशील ठेवण्यात आले. केसांची वाढ सुरू करणाऱ्या डब्ल्यूएनटी या संदेशसाखळीतला हा कळीचा दुवा. माथ्यावरचे डीकेके-१ नेमके हीच साखळी अडवते. उंदरांच्या प्रौढ त्वचेत नवी केशमुळे फुटली, जे घडणे अशक्य मानले जात होते. पुढे त्याच उंदरांना केसांच्या मुळांच्या गाठीही झाल्या. माणसातल्या अशाच गाठींत बीटा-कॅटेनिनमधले बदल सापडले. वाढीचा संदेश कायमचा चालू ठेवायचा, पण गाठ मात्र होऊ द्यायची नाही, हे जमवणारे औषध बनवणे किती जिकिरीचे आहे हे यातून दिसते. आणि जोखीम नसली तरी यशाची हमी नाहीच. टकलाच्या त्वचेत प्रोस्टाग्लँडिन डी-२ हा पदार्थ जास्त बनतो असे २०१२ साली कॉट्सारेलिस यांच्याच गटाने दाखवले, जगभर बातम्या झाल्या. त्याचा रिसेप्टर अडवणारे सेटिपिप्रंट माणसांवर तपासले तेव्हा केस काही वाढले नाहीत. टकलाच्या जागी एखादे जनुक जास्त काम करताना दिसते म्हणजे तेच टक्कल पाडते असे नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो चाईचा. चाई पडण्याच्या आजारात, जिथे शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर तुटून पडते आणि गोल गोल चकत्या उघड्या पडतात, तिथे जनुकांच्या अभ्यासातूनच औषध निघाले की! आक्षेप बरोबर आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला ख्रिस्तियानो यांच्या गटाने २०१० मध्ये चाईशी निगडित जागा शोधल्या, त्यांतून मारेकरी पेशींचा माग लागला, २०१४ मध्ये जेएके-स्टॅट ही संदेशसाखळी अडवल्यास उंदरांत आणि काही रुग्णांत केस परततात असे दिसले, आणि जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब अमेरिकेत मंजूर झाले. यात कोणतेही जनुक दुरुस्त झालेले नाही. स्टॅट ही प्रथिने पेशीकेंद्रात जाऊन जनुके चालू करतात. औषध त्यांना तिथवर पोचू देत नाही. सुमारे १,२०० रुग्णांवरच्या दोन चाचण्यांत नऊ महिन्यांनी पूर्ण मात्रा घेणाऱ्या ३५ ते ३९ टक्क्यांच्या डोक्यावर निदान ८० टक्के भागात केस आले. पोकळ गोळीवर तीन ते सहा टक्क्यांच्या. हे मोठे यश आहे. पण औषध थांबवले की बऱ्याच जणांत चाई परतते, आणि जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, कर्करोग यांचा ठळक इशारा त्याच्या पाकिटावर आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियमन एकदाच आणि कायमचे बदलता येते हे सिकलसेलच्या उपचाराने दाखवले आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागांना जिव्हारी लागणारा हा आजार. त्यासाठी २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या उपचारात क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राच्या साह्याने बीसीएल११ए या जनुकाला रक्तपेशींत चालू ठेवणारी नियमनाची जागाच कापली जाते, आणि गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. बिघडलेल्या जनुकाला हात न लावता नियमन बदलून आजार काबूत! मग केसांचे का नाही? तत्त्वतः अशक्य नाही. पण रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढता येतात, प्रयोगशाळेत संपादित करता येतात आणि किमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करून परत सोडता येतात. डोक्यावर सुमारे एक लाख केशमुळे आहेत, प्रत्येकाची पॅपिला स्वतंत्र, आणि त्यांतल्या प्रत्येकीपर्यंत संपादनाचे साहित्य जागच्या जागी पोचवावे लागेल. सिकलसेलमधला कोवळ्या वयातला मृत्यू टाळण्यासाठी किमोथेरपीची जोखीम परवडते. भांगासाठी ती कोण घेईल? त्या उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. अँड्रोजेन रिसेप्टरचा निरोप तेवढ्याच जागी मिटवणाऱ्या सूक्ष्म आरएनएवर काम चालू आहे आणि माझ्या मते आशा तिथे जास्त आहे. पण तोही पुन्हा पुन्हा द्यावा लागणारा उपचार असेल.

काही जण म्हणतील, एवढा खल कशाला, केस गेल्याने कोणी मरत नाही. खरे आहे, पण लग्नाच्या बाजारात टक्कल झाकणाऱ्या आणि बाहेर पडायचे टाळणाऱ्या तरुणांना हे सांगून उपयोग नाही. ते उपचार शोधणारच. प्रश्न फक्त त्यांच्या हाती काय पडते हा आहे.

आणि ‘जनुकीय’ या शिक्क्याने होणारे एक नुकसान फार कमी बोलले जाते: साधी कारणे तपासायची राहतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावेच्या गावे हवालदिल झाली. आधी डोक्याला खाज, मग तीन-चार दिवसांत केस हातात. शाम्पूपासून पाण्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आणि जस्त कमी आढळले होते. इथे गुणसूत्रांचे काहीच चालत नव्हते. टायफॉइड, डेंगी, कोविड किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके गळतात ते बहुधा आपोआप भरून येतात. त्या काळात जे तेल लावले त्याला श्रेय मिळते, एवढेच. बायकांच्या बाबतीत तर रक्त आणि थायरॉइड तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. बायोटिनच्या गोळ्या मात्र आधी सुरू होतात. बायोटिनची खरी कमतरता क्वचितच असते, आणि त्या गोळ्या थायरॉइडच्या चाचणीचे आकडे बिघडवू शकतात.

उरला बाजार. मूळपेशींची इंजेक्शने, एक्सोसोमच्या कुप्या, ‘जनुकीय पातळीवर’ काम करणारी सीरम, यांच्या जाहिरातींत आता विज्ञानाचे शब्द इतके सफाईने येतात की सुशिक्षित माणूसही गडबडतो. मूळपेशींबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर त्यांचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. एक्सोसोमच्या एकाही उत्पादनाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी दिलेली नाही. आणि आपल्याकडे नवा कायदा करण्याची गरजही नाही. औषध नियम १९४५ च्या अनुसूची ‘जे’मध्ये, कोणत्याही औषधाने जे आजार बरे करतो किंवा टाळतो असा दावा करू नये, त्यांची यादी आहे. तिच्यात टक्कल आहे, आणि नवे केस उगवणे हेही वेगळ्या ओळीत लिहिलेले आहे. पळवाट अशी, की तेल सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जाते, गोळी पूरक अन्न म्हणून आणि इंजेक्शन क्लिनिकची ‘प्रक्रिया’ म्हणून. औषध कोणीच म्हणवून घेत नाही, दावा मात्र औषधाचा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पाटीवरचे नाव पाहण्याऐवजी दावा पाहून कारवाई करावी. तोवर ग्राहकाने पैसे भरण्याआधी क्लिनिककडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: द्रव्याचे नाव, ते किती काळ घ्यायचे, आणि थांबवल्यावर काय होते. लिहून मिळाले नाही तर पैसे भरू नयेत.